पुण्यात एसी घेताना आधी तास मोजा, मग स्टार

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की टिळक रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सर, फाइव्ह स्टारच घ्या, बिल निम्म्यावर येईल." निम्म्यावर वगैरे काही येत नाही. फरक पडतो, पण किती पडतो ते एसीच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते तुमच्या घरावरून ठरतं. खोली पश्चिमेला आहे का, डोक्यावर गच्ची आहे की वरच्यांचा हॉल, आणि मुख्य म्हणजे वर्षाकाठी एसी किती तास चालणार.

तासांच्या बाबतीत पुणं नशीबवान आहे. मुंबईत घामाच्या धारा मार्चमध्ये लागतात त्या पावसाळ्यातही थांबत नाहीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि रात्रीही लवकर उतरत नाही. पुण्याचा खरा उन्हाळा मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दुपारी ३८ ते ४० अंश, हवा कोरडी, आणि गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे सूर्य मावळला की हवा बऱ्यापैकी उतरते. मग पावसाळा. ऑक्टोबरात दोन-तीन आठवडे पुन्हा तापतं, की आली थंडी. ज्या घरात एसी फक्त रात्री झोपायच्या खोलीत लागतो तिथे तो वर्षात पाच-सहाशे तास चालतो. मुंबईतल्या तशाच खोलीत हाच आकडा दोन हजारांच्या आसपास सहज जातो.

अर्थात सगळं पुणं आता सारखं राहिलेलं नाही. हवामान खात्याचं शिवाजीनगरचं किमान तापमान आणि मगरपट्टा, वडगाव शेरीकडचं किमान तापमान यांत बरेचदा चार-पाच अंशांचं अंतर असतं. पाषाणला पहाटे पांघरूण ओढावं लागतं त्याच रात्री मगरपट्ट्यात पंखा पाचवर असतो. त्यामुळे कोथरूडच्या मेहुण्याने कुठला घेतला, यावर वाघोलीत एसी ठरवू नये.

आधी यंत्र काय करतं ते बघू

एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, इतकंच त्याचं काम. मार्केट यार्डातल्या हमालासारखं समजा. ओझं जेवढं जड आणि जिना जेवढा उंच, तेवढी मजुरी जास्त. ओझं म्हणजे खोलीत शिरलेली उष्णता. जिना म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक. मजुरी म्हणजे वीज. वीज वाचवण्याचे जेवढे उपाय कुणी सांगेल, ते सगळे या तिन्हींत कुठेतरी बसतात: ओझं कमी करा, जिना कमी चढायला लावा, नाहीतर कमी मजुरीत जास्त वाहणारा गडी शोधा. दुकानात फक्त तिसऱ्याबद्दल बोलणं होतं, कारण विकायला तोच असतो.

जो आकडा लेबलवर ठळक छापलेला असतो, आयएसईईआर, तो याच मजुरीचा हिशेब आहे. एक युनिट वीज घेऊन यंत्र हंगामभरात सरासरी किती युनिट उष्णता बाहेर टाकतं, ते तो सांगतो. आकडा ४ असेल तर एका युनिटात चार, ५ असेल तर पाच. 'हंगामभरात सरासरी' हे महत्त्वाचं. आधीच्या पद्धतीत बाहेर ३५ अंश धरून एकदाच मोजमाप व्हायचं. नव्या पद्धतीत २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानांचे तास धरतात, एकूण १६००, आणि त्यावरून वर्षाचा वापर काढतात.

इथेच इन्व्हर्टर एसीचा फायदा दिसतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालतो, नाहीतर बंद असतो. रात्रभर त्याचं घुर्रर्र करून सुरू होणं आणि खट्ट करून थांबणं ज्यांनी ऐकलंय त्यांना हे सांगायला नको. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. खोली एकदा गार झाली की तो हळू फिरत राहतो आणि कमी वेगात तो जास्त काटकसरी असतो. त्यामुळे तो सलग सहा-आठ तास चालवणाऱ्याला फळतो. जेवताना अर्धा तास हॉलचा एसी लावून बंद करणाऱ्याला इन्व्हर्टरचं विशेष कौतुक वाटणार नाही, कारण पहिला अर्धा तास तोही जोरातच पळत असतो. (आणि नाही, घरातल्या इन्व्हर्टर-बॅटरीशी याचा काही संबंध नाही. हा प्रश्न अजूनही विचारला जातो.)

स्टारचं लेबल वाचायचं कसं

स्टार देतं केंद्र सरकारचं ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई. पण स्टार कायमचे नसतात. तक्ता मधूनमधून कडक होतो. २०१८च्या तक्त्यात स्प्लिट एसीला ४.५० आयएसईईआरला पाच स्टार मिळत. १ जुलै २०२२ला पाच स्टारची पायरी ५.०० झाली (२०२५अखेरपर्यंत तीच होती), आणि जुना ४.५०वाला एका रात्रीत चार स्टारवर आला. यंत्र तेच, परीक्षा अवघड झाली. म्हणून लेबलवर तारे मोजण्याआधी खाली छापलेला कालावधी बघा. सेलमध्ये स्वस्तात मिळणारा 'फाइव्ह स्टार' कधीकधी मागच्या तक्त्याचा असतो. तो वाईट असतो असं नाही, पण भाव मागच्याच तक्त्याचा असावा.

आणखी एक गोम आहे. खिडकीत बसणाऱ्या विंडो एसीचा तक्ता वेगळा. २०२२च्या तक्त्यात विंडोला पाच स्टार ३.५०ला मिळायचे, तर स्प्लिटला तीन स्टार मिळवायलाच ३.८० लागायचे. म्हणजे पाच स्टारचा विंडो एसी तीन स्टारच्या स्प्लिटपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. भाड्याच्या घरात, दर ११ महिन्यांनी सामान उचलणाऱ्यांना विंडो सोयीचा पडतो हे खरंच, फक्त तारे बघून फसू नका.

तारे, कंपनी, सेलिब्रिटी सगळं बाजूला ठेवून लेबलवर तीन आकडे शोधा: आयएसईईआर, थंड करण्याची क्षमता वॉटमध्ये, आणि वर्षाचा वीजवापर युनिटमध्ये. क्षमता बघायची कारण दोन कंपन्यांचे 'दीड टन' सारखे नसतात. एकाचा ४८०० वॉटचा असतो, दुसऱ्याचा ५२०० वॉटचा. आणि वर्षाचा वापर १६०० तासांचा आहे, हे विसरायचं नाही. पुण्यातला सगळा हिशेब याच आकड्यापाशी बदलतो.

तासांचं गणित

दीड टनाचे दोन एसी समोर आहेत असं धरू. तीन स्टारच्या लेबलवर वर्षाला ९८० युनिट लिहिलंय, पाच स्टारच्या लेबलवर ७७०. फरक २१० युनिटचा, पण १६०० तासांत. तासाला साधारण ०.१३ युनिट.

आता धायरीतलं एक घर घ्या. नवरा-बायको दोघं नोकरीला, एसी फक्त रात्री. मार्चअखेर ते जूनची सुरुवात अशा ८० रात्री, रोज सात तास. झाले ५६० तास. पाच स्टारने वाचले साधारण ७३ युनिट. सगळे आकार धरून युनिटला १५ रुपये पडतात असं मानलं तर वर्षाचे अकराशे रुपये. दोन एसींच्या किमतीत नऊ हजारांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. तोपर्यंत मुलं मोठी होऊन वेगळ्या खोलीचा एसी मागतील.

दुसरं घर खराडीतलं. एक जण घरूनच काम करतो, दिवसा दहा तास एसी, शंभर दिवस. शिवाय रात्रीचे ५६० तास. एकूण १५६० तास, जवळजवळ लेबलवर धरलेत तेवढेच. इथे पाच स्टार वर्षाला दोनशेच्या वर युनिट वाचवतो, तीन हजार रुपये. तीन वर्षांत फिटला. या घराने तीन स्टार घेणं म्हणजे चूक. पहिल्या घराने पाच स्टार घेतला तर चूक नाही, पण दुकानदार सांगतो ती बचतही नाही. त्या नऊ हजारांत त्यांची पश्चिमेची खिडकी आणि गच्ची दोन्ही नीट झाली असती, आणि फायदा बारा महिने मिळाला असता.

हे १५ रुपये आले कुठून, तर तेही सांगतो, कारण बहुतेक जण चुकीचा दर धरतात. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट, तिसरा त्याहून चढा. लोक काय करतात, एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून 'युनिटला साडेनऊ पडले' म्हणतात. पण एसीचे युनिट हे घरातल्या फ्रीज, दिवे, वॉशिंग मशिनच्या वर चढलेले युनिट आहेत. ते नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या भावाने पडतात, आणि एसीतून वाचवलेलं युनिटही त्याच भावाने वाचतं. त्यावर वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आपलं मे महिन्याचं बिल काढा, शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, हे आकार मिळवा आणि मग वरचं गणित तुमच्या तासांनी करा. दर बदलत राहतात, रीत तीच.

एक गैरसमज मात्र जाता जाता काढून टाकू. ३०१वं युनिट झालं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फक्त ३००च्या पुढचे युनिट वरच्या दराने लागतात.

किमतींबद्दल इतकंच की २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. घासाघीस करताना जुना भाव डोक्यात ठेवू नका.

एक टन की दीड टन

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. आकड्यात ३५१७ वॉट. बर्फाच्या लाद्यांवर गारवा मोजण्याच्या काळातलं माप आहे, ते आजही चालतंय.

पुण्यातल्या टू-बीएचके फ्लॅटची मुलांची खोली बहुधा दहा बाय दहा किंवा दहा बाय अकरा असते, मास्टर बेडरूम दहा बाय बारा-तेरा. मधल्या मजल्यावर, पूर्व किंवा उत्तरेची खोली असेल तर शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन पुरतो. तरीही घरोघर दीड टन दिसतो, कारण दुकानदार म्हणतो 'थोडा मोठाच घ्या, लोड येणार नाही'. थोडा मोठा घेतल्याने फार बिघडत नाही, इन्व्हर्टर वेग कमी करून सांभाळून घेतो. पण फारच मोठा घेतला तर तो कमीत कमी वेगातही खोलीला जास्त होतो आणि मग इन्व्हर्टर असूनही चालू-बंद करत बसतो. पैसे जास्त गेले ते वेगळेच.

उलट चूक पश्चिमेच्या खोलीत होते. हे जरा बारकाईने बघू. चार फूट बाय पाच फुटांची सरकती काचेची खिडकी, म्हणजे पावणेदोन-दोन चौरस मीटर काच. एप्रिलमध्ये चार वाजता ऊन तिच्यावर सरळ येतं. चौरस मीटरला सहाशे वॉट धरा, साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. झाले साडेआठशे-नऊशे वॉट. पाव टन! एसी एक टनाचा, त्यातला पाव टन फक्त त्या खिडकीचं ऊन बाहेर फेकण्यात खर्ची. आतून जाड पडदा लावला तर थोडा फरक पडतो, पण ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. बांबूची चिक, ग्रिलला बांधलेली हिरवी शेडनेट, नाहीतर छज्जा. सोसायटीच्या कमिटीला इमारतीचं 'एलिव्हेशन' बिघडलेलं चालत नाही, हे माहीत आहे. तिथे निदान काचेला उष्णता परतवणारी फिल्म लावून घ्या. वाड्यांतल्या माणसांनी वाळ्याचे पडदे खिडकीच्या बाहेर टांगले ते उगाच नव्हे.

भिंतींचंही तसंच. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या हातभर जाडीच्या भिंतीत दुपार आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई. आता वाकड-बाणेरच्या नव्या टॉवरांत भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, मायवन पद्धतीने एकसंध ओतलेल्या. इमारत भराभर उभी राहते, गळती कमी, पण काँक्रीटमधून उष्णता एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र हलक्या विटांच्या, कित्येक पट वेगाने आत येते. दुपारी भिंत तापते आणि रात्री दहा-अकराला तुमच्या उशाशी ती उष्णता सोडत बसते. बाहेर हवा छान सुटलेली असताना आत उकडतं ते यामुळे. अशा खोलीत एसी लावण्याआधी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडून, एक्झॉस्ट फॅन लावून तापलेली हवा काढून टाका. पुण्याच्या संध्याकाळच्या वाऱ्याला बिल येत नाही.

शेवटच्या मजल्यावरच्यांनी टन वाढवायचा विचार करण्याआधी गच्चीकडे बघावं. स्लॅब दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत छतातून खाली ओतत राहतो. वर पांढरा चायना मोझॅक असेल तर तो साफ ठेवा, काळपट पडला की ऊन परतवत नाही. नसेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग फेब्रुवारीत मारून घ्या. गच्ची सोसायटीची म्हणून खर्च कोणी करायचा यावर सर्वसाधारण सभेत दोन तास जातील, ते धरून चाला.

कूलरचं काय? कोरड्या एप्रिलमध्ये पुण्यात कूलर झकास चालतो. दुपारी हवेत आर्द्रता इतकी कमी असते की ओल्या पॅडमधून आलेली हवा दहा अंशांनी सहज उतरते, आणि वीज लागते दीड-दोनशे वॉट. अट एकच, खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीचा दमट डबा होतो. मेअखेर वळवाचे ढग जमले की त्याचा जोर ओसरतो. हॉलला कूलर आणि बेडरूमला एसी, ही जोडी पुण्याच्या हवेला चांगली जमते. टाकीतलं पाणी आठवड्याला बदला, डेंग्यूचे डास स्वच्छ पाण्यातच होतात.

बसवताना उभे राहून बघा

चांगला एसी वाईट बसवला तर पाच स्टारचे तीन व्हायला वेळ लागत नाही. बाहेरचं युनिट कुठे लागतंय ते बघा. नव्या इमारतींत सोसायटी सांगते, ड्राय बाल्कनीच्या बाहेरच्या डक्टमध्येच लावा. अरुंद डक्टमध्ये खालपासून वरपर्यंत दहा युनिट एकावर एक. खालच्याने टाकलेली गरम हवा वरचा ओढतो, आणि वरच्या मजल्यांच्या युनिटला बाहेर ३८ अंश असताना ४५ची हवा मिळते. जिना उंच झाला, मजुरी वाढली. शक्य असेल तर मोकळ्या भिंतीवर, उत्तर किंवा पूर्वेला, समोर तीन-चार फूट मोकळी जागा सोडून लावा. कबुतरांची जाळी लावताना ती पंख्यापासून लांब ठेवा. घरटी आणि पिसं जाळीत अडकून हवा बंद झाली की त्या युनिटचा जीव गुदमरतो.

मग तांब्याचे पाइप. जितके आखूड तितके बरे, आणि दोन्हींवर काळा फोम शेवटपर्यंत हवा. जोडल्यावर पाइपात राहिलेली हवा आणि बाष्प बाहेर काढावं लागतं, आणि ते व्हॅक्यूम पंपाने. पंप जोडल्यावर गेजचा काटा शून्याच्या खाली जातो. पंधरा-वीस मिनिटं पंप चालवून तो बंद करायचा आणि काटा तिथेच राहतो का ते बघायचं. काटा वर यायला लागला तर कुठेतरी गळती आहे. घाईतले मिस्त्री हे करत नाहीत. ते व्हॉल्व्ह जरासा उघडून 'फुस्स' करून आतल्याच गॅसने हवा ढकलून देतात, दोन मिनिटांत काम. गॅस कमी होतो, बाष्प आत राहतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात 'कूलिंग कमी येतंय' सुरू. बुकिंग करतानाच विचारा, पंप आणणार का.

वायरिंग हा चेष्टेचा विषय नाही. दीड टनासाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तापकीर गल्लीतून तांब्याची आणून आधी ती बदला. स्टॅबिलायझर मात्र बऱ्याच नव्या मॉडेलना लागत नाही, माहितीपुस्तिकेत व्होल्टेजची कक्षा दिलेली असते.

वापर

१६ अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. खोली ३२वर असताना रिमोटवर २४ असो की १६, कॉम्प्रेसर जोरातच पळतो. फरक एवढाच की १६वर तो थांबायचं नाव घेत नाही, आणि पहाटे तीनला कुणीतरी उठून चादर शोधतं. एक अंश वर घेतला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. म्हणूनच जानेवारी २०२०पासून नवे एसी चालू केल्यावर २४ अंशांवरच लागतात.

पुण्यात २४ही बरेचदा नको असतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि २६लाही चिकचिक वाटते. एप्रिलच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे २६ किंवा २७ आणि डोक्यावर पंखा दोनवर, एवढ्यात छान झोप लागते. पंखा लावला तर एसीची हवा वाया जाते असं घरातले ज्येष्ठ म्हणतील. खिडक्या बंद असतील तर तसं काही होत नाही. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा ३० वॉटच्या आसपास, आणि त्याच्या वाऱ्याने अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतात. एसीचे दोन-तीन अंश त्याहून खूप महाग पडतात. स्लीप मोड वापरा, तो रात्री तापमान हळूहळू वर नेतो. जुलैत पाऊस लागून राहिला आणि खोली दमट झाली की ड्राय मोड. 'कन्व्हर्टिबल' एसीत एकट्या माणसासाठी क्षमता कमी करायची सोय असते, ती खरोखर कामाची आहे. वाय-फायवरून कात्रजच्या चौकात अडकल्या अडकल्या एसी लावायची सोय ज्यांना हवी त्यांनी घ्यावी.

दाराखालची फट, खिडकीची न लागणारी कडी, बाथरूमचं उघडं दार, यांतून गार हवा जाते. दाराला खालून रबरी पट्टी लावायला फार खर्च येत नाही.

गॅस आणि सर्व्हिसिंग

जुन्या एसीत आर-२२ असायचा, ओझोनला घातक म्हणून तो हद्दपार होतोय. मग आर-४१०ए आला. ओझोनला तो निर्धोक, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट. आज बहुतेक नव्या एसींत आर-३२ असतो, तो ६७५ पट. आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, तापवण्यात जवळजवळ नगण्य, पण ज्वालाग्राही, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीला प्रशिक्षित माणूसच हवा. आर-३२ही थोडा पेट घेणारा आहे. एकाचा गॅस दुसऱ्यात कधीही भरू देऊ नका.

आतल्या युनिटची फिल्टरची जाळी महिन्यातून दोनदा नळाखाली धुवा, दहा मिनिटांचं काम आहे. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि पुण्यात ते असतंच, तर आठवड्याला. दोन्ही युनिटचे कॉइल पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यायला माणूस फेब्रुवारीत बोलवा. एप्रिलमध्ये तोच माणूस फोन उचलत नाही, आणि आला तर वीस मिनिटांत तीन घरं करायच्या घाईत असतो.

आणि तो आला की पाच मिनिटं बघून म्हणेल, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तो वर्षानुवर्षं तोच फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, बहुतेकदा पाइपच्या नटापाशी. आधी साबणाच्या फेसाने गळती शोधायला सांगा, ती बंद करायला सांगा, मगच गॅस. किती गॅस हवा ते बाहेरच्या युनिटच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, आणि तो वजन करूनच भरायचा असतो. वजनकाटा आणला नसेल तर चहा पाजा आणि उद्या काटा घेऊन या म्हणावं.